प्रमाणपत्राची किंमत आणि सहीची किंमत

परीक्षांचे निकाल लागूं लागले म्हणजे वर्तमानपत्राच्या घडींतून एक निराळेंच पीक घरांत येऊं लागतें. तें म्हणजे रंगीत हस्तपत्रकांचें. 'सहा महिन्यांत कुशल लेखापाल व्हा', 'टॅली, जी.एस.टी., आयकर सर्व एकाच अभ्यासक्रमांत', 'शंभर टक्के नोकरीची हमी', 'स्वतंत्र करसल्लागार व्हा', अशा त्यांवरील घोषणा असतात. पत्रकावर एक हसतमुख तरुणी संगणकापुढें बसलेली असते. तिच्या पुढ्यांतील पडद्यावर आकडे नसून डोंगर आणि ढग दिसतात, हें मात्र बारकाईनें पाहणारासच कळतें.

ह्या पत्रकांविषयीं आमच्या वाचकांकडून अधूनमधून पृच्छा होत असते. परंतु गेल्या महिन्यांत मुंबईच्या एका उपनगरांतील वाचकांचें जें पत्र आलें, तें इतकें मोकळें आणि इतकें हिशेबी आहे कीं, त्याचें उत्तर खासगी न देतां ह्या सदरांत द्यावें असें आम्हांस वाटलें. त्यांचीही त्यास अनुमति आहे. हकीकत थोडक्यांत अशी. कुटुंब एकत्र, माणसें नऊ, चूल एक. धाकट्या बंधूंच्या कारखान्यांत पाळ्या कमी झाल्यामुळें त्यांची प्राप्ति घटली आहे. त्यांच्या पत्नी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेल्या, वय ३६. दोन्ही मुलें आतां शाळेंत जातात. सायंकाळीं घरींच चार मुलांची शिकवणी घेऊन त्या महिना ४,००० रुपये मिळवितात. त्यांनीं हिशेबाचा एक सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करण्याचें मनांत घेतलें आहे. शुल्क ५५,००० रुपये. घरांत ह्यावरून दोन पक्ष पडले असून मातोश्री आपल्या पाटल्या मोडून पैसे देण्यास तयार आहेत. पत्र लिहिणारे थोरले बंधु विचारतात, "हा पैसा परत येईल काय, आणि येणार असल्यास किती वर्षांनीं?"

प्रश्न विचारला हें ठीकच झालें. विद्येचा पैशांत हिशेब करणें म्हणजे तिचा अवमान, अशी एक समजूत आपल्या घरांतून फार दिवस नांदत आली आहे. ती खरोखरीच्या निष्ठेची असती तर आम्हीं तिला नमस्कार केला असता. परंतु पाहण्यांत असें येतें कीं, मुलाच्या इंजिनियरिंगसाठीं कर्ज काढतांना 'पगार काय मिळेल' हा प्रश्न सर्वांआधीं निघतो, आणि सुनेनें कांहीं शिकण्याची इच्छा दर्शविली म्हणजे विद्या ही विकण्याची वस्तु नव्हे हें सर्वांस एकदम आठवतें. आमच्या पत्रलेखकांनीं दोहोंस एकच माप लावलें, ह्याबद्दल आम्ही त्यांचें अभिनंदन करतों. मात्र माप लावावयाचें तर पुरतें लावावें. त्यांनीं एका बाजूस शुल्क मांडलें, दुसऱ्या बाजूस पत्रकांत छापलेला १४,००० रुपयांचा पगार मांडला, आणि चार महिन्यांत रक्कम वसूल होते असा भागाकार करून दाखविला. शाळेंतल्या पाटीवर हें उदाहरण बरोबर धरतां येईल; संसारांत धरतां येणार नाहीं.

आधीं प्रमाणपत्र ही वस्तु काय आहे तें पाहूं. हिशेबाच्या विद्येचीं जीं प्रमाणपत्रें आज बाजारांत आहेत तीं बाहेरून सारखींच दिसतात. सोनेरी किनार, गोल शिक्का, खालीं दोन सह्या. परंतु त्यांच्या पाठीमागें काय उभें आहे हें पाहिलें म्हणजे त्यांच्या जाति निराळ्या होतात. कांहींच्या मागें कायदा उभा असतो. हें प्रमाणपत्र ज्याच्यापाशीं असेल त्यासच अमुक कागदावर सही करतां येईल, इतरांस नाहीं, असें कायदा सांगतो. कांहींच्या मागें केवळ कसब असतें. अधिकार नसतो, पण धारकास काम येतें. आणि पुष्कळांच्या मागें एक भिंत असते, जिच्यावर तें टांगावयाचें.

ह्या भेदाचा इतिहास आपल्याच मुंबईंत घडला आहे, म्हणून तो थोडा सांगतों. १९१३ च्या कंपनी कायद्यानें हिशेब तपासणाराच्या अंगीं कोणती अर्हता असावी ह्याची अट आपल्या देशांत प्रथमच घातली. त्याच वर्षीं मुंबईस सिडनहॅम कॉलेज निघालें. पुढें १९१८ सालीं मुंबई सरकारनें हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू केली, 'जी.डी.ए.' ह्या तीन अक्षरांनीं ती ओळखली जाई. ती परीक्षा उतरून मान्य हिशेबतपासनिसापाशीं तीन वर्षें उमेदवारी केली म्हणजे देशांत कोठेंही कंपन्यांचे हिशेब तपासण्याची सनद मिळण्यास मनुष्य पात्र होई. १९३२ च्या नियमांनीं तपासनिसांची नोंदवही मध्यवर्ती सरकारकडे आली, १९४३ मध्यें ती पदविका बंद झाली, आणि १९४९ च्या कायद्यानें सनदी लेखापालांची आजची संस्था अस्तित्वांत आली.

ह्यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या काळांत भुलेश्वरच्या पेढीवर मांडी घालून बसलेला मुनीम हिशेबांत कोणाही जी.डी.ए.हून कमी नव्हता. त्याची रोजकीर्द, त्याची खतावणी, त्याची तेरीज पैपर्यंत जुळे. परंतु कंपनीच्या ताळेबंदाखालीं त्याची सही चालत नसे. ज्ञान दोघांचें असो, सहीचा अधिकार एकाचा होता, आणि बाजारानें भाव दिला तो त्या अधिकारास. तेव्हां कोणतेंही प्रमाणपत्र विकत घेण्यापूर्वीं पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, ह्याच्या बळावर मला कोणत्या कागदावर सही करतां येईल? उत्तर 'कोणत्याही नाहीं' असें आलें तर तें टाकाऊच ठरतें असें नव्हे. पण मग त्याची किंमत केवळ कसबाची किंमत म्हणून करावी, आणि कसब पारखून घ्यावें.

आतां पत्रलेखकांच्या त्रैराशिकाकडे वळूं. शुल्क ५५,००० हें पत्रकावर मोठ्या अक्षरांत आहे. खालीं बारीक अक्षरांत 'कर वेगळा' असें आहे. अशा खासगी वर्गांच्या शुल्कावर वस्तु व सेवा कर शेंकडा १८ पडतो, म्हणजे ९,९०० रुपये. येणेंजाणें, पुस्तकें, छपाई मिळून सहा महिन्यांत ८,००० धरूं. ह्याशिवाय सायंकाळच्या वर्गामुळें शिकवणी बंद होणार, तिचे सहा महिन्यांचे २४,०००. ही रक्कम कोणाच्याही वहींत खर्चीं पडत नाहीं, कारण ती हातांतून जात नाहीं. ती हातांत येतच नाहीं. परंतु जमाखर्च जाणणारानें ती धरलीच पाहिजे. एकूण झाले ९६,९००. पंचावन्न हजार म्हणून जी वस्तु घरांत यावयाची ती लाखाच्या घरांत गेली.

दुसऱ्या बाजूस १४,००० हा पगार मांडला आहे. पगार म्हणजे लाभ नव्हे. रेल्वेचा पास, रिक्षा, बाहेरचा चहा ह्यांस १,५०० जातील. पोळ्यांस बाई लावावी लागली तर ३,५०० तिचे. राहिले ९,०००. ह्या हिशेबानें ९६,९०० वसूल होण्यास चार नव्हे, सुमारें अकरा महिने लागतात. तरीही हा सौदा वाईट म्हणतां येणार नाहीं. अकरा महिन्यांत भांडवल परत देणारा दुसरा कोणता उद्योग पत्रलेखकांस ठाऊक आहे?

परंतु खरी मेख पुढें आहे. हे ९,००० प्रमाणपत्रामुळें मिळाले असें केव्हां म्हणतां येईल? तें नसतें तर कांहींच मिळालें नसतें, तेव्हां. समजा, तींच बाई विना-प्रमाणपत्र एखाद्या औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे गेली, आणि दोन महिने शिकवून घेऊन त्यानें तिला १२,००० वर ठेवलें. तर प्रमाणपत्राची कमाई १४,००० नव्हे, ९,००० ही नव्हे, केवळ २,००० आहे. मग ९६,९०० फिटण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. एकच प्रमाणपत्र, एकच शुल्क, आणि उत्तरें दोन: अकरा महिने किंवा अठ्ठेचाळीस. कोणतें खरें, हें पत्रकांत छापलेलें नसतें. तें बाजारांत जाऊन विचारावें लागतें. आम्हीं आमच्या परिचयाच्या दोन सनदी लेखापालांस विचारलें. दोघांनींही जवळजवळ तेंच सांगितलें: उमेदवार आला म्हणजे त्याच्या हातीं दहा बिलें आणि बँकेचा एका महिन्याचा उतारा द्यावयाचा, व अर्ध्या तासांत नोंदी करून बँकेशीं जुळणी करून मागावयाची. जुळली तर ठेवावयाचा. कागद बहुधा नंतर पाहतात, किंवा पाहतही नाहींत. पत्रलेखकांनीं आपल्या टापूंतील तीनचार व्यापारी, एखादा दवाखाना आणि एकदोन लेखापालांच्या कचेऱ्या ह्यांस हाच प्रश्न विचारावा. त्यास शुल्क पडत नाहीं.

'शंभर टक्के नोकरीची हमी' ह्या शब्दांविषयीं दोन वाक्यें. ही हमी लेखी मागावी, आणि तींत नोकरी कोणत्या गांवीं, किती पगाराची, न मिळाल्यास शुल्क परत किती दिवसांत, हें लिहून द्यावयास सांगावें. बहुधा लेखी कागदावर 'हमी' ह्या शब्दाच्या जागीं 'साहाय्य' हा शब्द येऊन बसतो. हप्त्यांची सोय करून देणारे वर्गही आहेत. तेथें कर्ज देणारी संस्था निराळी असते, आणि वर्ग मध्येंच सोडला तरी हप्ते सुटत नाहींत, एवढें करारावर सही करण्यापूर्वीं वाचून घ्यावें.

'स्वतंत्र करसल्लागार व्हा' ही ओळही तपासून पाहूं. वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आला. त्याचीं विवरणपत्रें दुसऱ्याच्या वतीनें भरण्याचा अधिकार देणारी एक सरकारी नोंदणी व परीक्षा आहे खरी. परंतु पदवीच्या वाटेनें तेथें जावयाचें तर ती पदवी वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय-व्यवस्थापन ह्यांतील लागते, नुसती बी.ए. चालत नाहीं. म्हणजे हा दरवाजा आमच्या पत्रांतील बाईंस बंद आहे, आणि ५५,००० घेणाऱ्या वर्गानें त्यांस तो उघडा म्हणून दाखविला आहे. अशा वर्गांत दुसरें काय काय उघडें म्हणून दाखविलें असेल ह्याचा विचार त्यांनींच करावा.

जो दरवाजा त्यांस उघडा आहे तो पत्रकांत नाहीं. महाराष्ट्र शासनाच्या सहकार खात्यातर्फें दरवर्षीं, बहुधा मे महिन्यांत, तीन दिवस एक परीक्षा होते. तिचें नांव शासकीय सहकार व लेखा पदविका, बोलण्यांत 'जी.डी.सी. अँड ए.' म्हणतात. प्रत्येकीं शंभर गुणांच्या सहा प्रश्नपत्रिका असतात. हिशेबलेखन, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास व व्यवस्थापन, सहकारविषयक व इतर कायदे, सहकारी बँका व पतसंस्था, गृहनिर्माण व इतर संस्था, असे विषय. पदवी कोणतीही चालते. वर्गांत जाण्याची सक्ति नाहीं. घरीं अभ्यास करून बसतां येतें. परीक्षेचें शुल्क वर उल्लेखिलेल्या शुल्काच्या शेजारीं ठेवून तुलना करण्यासारखें नाहीं, इतकें तें थोडें आहे.

हिच्या पाठीमागें कायदा उभा आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ८१ व्या कलमाप्रमाणें प्रत्येक सहकारी संस्थेचे हिशेब दर आर्थिक वर्षाला एकदां तपासून घ्यावेच लागतात, आणि ते तपासणारा मनुष्य निबंधकांच्या नामतालिकेवरील असावा लागतो. त्या तालिकेवर सनदी लेखापाल असतात, तसेच 'प्रमाणित लेखापरीक्षक'ही असतात. प्रमाणित लेखापरीक्षक कोणास म्हणावें हें कायद्यांतच सांगितलें आहे: विद्यापीठाची पदवी, वरील पदविका, संस्थांच्या कामकाजाची चांगली माहिती, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान एक वर्षाचा अनुभव, आणि मराठीचें व्यवहारोपयोगी ज्ञान. बी.ए.स मराठी घेतलें म्हणून ज्या सुनेस आजवर टोमणे ऐकावे लागले असतील, तिनें ही शेवटची अट घरांत मोठ्यानें वाचून दाखवावी.

मात्र ह्याही वाटेचा हिशेब पुरता मांडूं. पहिलें वर्ष अभ्यासाचें. परीक्षा उतरल्यावर एक वर्ष कोणा जुन्या लेखापरीक्षकाच्या हाताखालीं, बहुधा अल्प मोबदल्यावर. तालिकेवर नांव आल्यानंतरही संस्था आपण होऊन दारीं येत नाहींत. सचिवांच्या ओळखी, एखाद्या इमारतीचें चोख काम, त्यावरून शेजारची इमारत, असा तो विस्तार होतो. समजा, तिसऱ्या वर्षीं पंधरा संस्था हातीं आल्या आणि संस्थेमागें ५,००० रुपये पडले, तर वर्षाचे ७५,००० झाले, महिन्यास ६,२५०. नोकरींतले निव्वळ ९,००० ह्यापेक्षां अधिक आहेत. जो कोणी ही पदविका म्हणजे झटपट उत्पन्नाचें साधन असें सांगेल तो पत्रकवाल्याचाच भाऊ समजावा.

तरीही दोन गोष्टी ह्या बाजूच्या पारड्यांत पडतात. एक तर शिकवणी बुडत नाहीं. अभ्यास दुपारीं होतो, आणि काम मुख्यतः एप्रिल ते सप्टेंबर ह्या महिन्यांत दाटतें, कारण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आंत व्हावयाची असते. दुसरी गोष्ट वाढीची. एका परीक्षकानें वर्षांत वीसांहून अधिक संस्थांचें काम घेऊं नये अशी कायद्यानें मर्यादा घातली आहे, परंतु एक लाखाहून कमी वसूल भागभांडवल असलेल्या संस्था त्या मोजणींत धरीत नाहींत. गृहनिर्माण संस्थेंत सभासदास बहुधा पन्नास रुपयांचे दहा भाग घ्यावे लागतात, म्हणजे प्रत्येकीं ५०० रुपये. चाळीस घरांच्या इमारतीचें भागभांडवल २०,००० होतें. लाखाचा आंकडा गांठण्यास दोनशें सभासद लागतात. ज्या उपनगरांतून हें पत्र आलें तेथें चाळीस घरांच्या इमारती किती, हें पत्रलेखकांनीं गच्चीवर जाऊन मोजावें. शिवाय ज्या संस्थेचें परीक्षण करावयाचें नाहीं तिचें हिशेबलेखन करण्यास कोणाची आडकाठी नाहीं. ५८ व्या वर्षीं ह्या कामांतून कोणी निवृत्तही करीत नाहीं.

आतां ह्या सहीची जी किंमत रुपयांत येत नाहीं ती सांगतों, कारण घरांतील कोणीही तिचा उच्चार केलेला नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अक्षपटल, म्हणजे हिशेबाचें मुख्य खातें, ह्यावर स्वतंत्र अध्याय आहे. वर्षाचे हिशेब आषाढांत तेथें हजर करावे असें सांगितलें आहे. लगेच पुढच्या अध्यायांत अधिकाऱ्यांनीं राजद्रव्य खाण्याच्या चाळीस युक्त्या दिल्या आहेत. आधीं वसूल झालेलें मागाहून जमा दाखविणें ही त्यांतलीच एक. दोन हजार वर्षांत ह्या यादींत फारशी भर पडली नाहीं. गृहनिर्माण संस्थेचा जुना जिना मोडल्यावर लोखंडाचे पैसे कोठें गेले, हें शोधणाराच्या उपयोगी ती आजही पडेल. सचिव प्लॅस्टिकच्या पिशवींत बिलें भरून आणतात. त्यांतलीं निम्मीं कच्चीं असतात. रंगाऱ्यास दिलेले ऐंशी हजार एका साध्या चिठ्ठीवर असतात. आणि सचिव बहुधा ओळखीचे, वयानें वडील, 'वहिनी, तुम्ही काय परक्या आहां' असें म्हणणारे.

अशा वेळीं सही करणें म्हणजे काय, हें कायद्यांत स्पष्ट आहे. हिशेबासंबंधीं गुन्हा घडला असें परीक्षकाच्या निदर्शनास आलें तर त्यानें निबंधकांकडे विशेष अहवाल दिला पाहिजे, आणि त्यांची लेखी परवानगी घेऊन पोलिसांत फिर्यादही नोंदविली पाहिजे. तसें न केल्यास त्याचेंच नांव तालिकेवरून जाऊं शकतें. तेव्हां ज्या घरांत 'शेजाऱ्यांशीं वांकडेपणा नको' हें पहिलें सूत्र आहे, त्या घरानें सुनेस ही पदविका करूं देण्यापूर्वीं विचार करावा कीं, उद्यां ओळखीच्या सचिवांच्या हिशेबावर तिनें प्रतिकूल शेरा मारला, तर आपण तिच्या पाठीशीं उभे राहूं कीं 'एवढें कशाला' म्हणूं? एवढें कशाला म्हणणाऱ्या घरांत ही सही ५,००० रुपयांचीही राहत नाहीं. नोकरी करणाऱ्या कारकुनाची गोष्ट निराळी. त्याची जोखीम धनी सोसतो. म्हणून ज्यांस ही जोखीम नको त्यांनीं सरळ नोकरीची वाट धरावी. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. आपल्या समाजांत फडणीस, पोतनीस, चिटणीस हीं नांवें अभिमानानें लावणारी घराणीं आहेत, तीं सारीं कारकुनीवरच उभीं राहिलीं.

शिकावयाचें काय ह्याविषयीं एक सांगणें अवश्य आहे. पत्रकांतील अभ्यासक्रमाचा बहुतेक भाग करांचा व यंत्राचा आहे, आणि हा भाग फार लवकर शिळा होतो. १९६१ चा आयकर कायदा साठ वर्षें टिकला, पण दरवर्षीं बदलत टिकला. आतां त्याच्या जागीं २०२५ चा नवा कायदा, १ एप्रिल २०२६ पासून लागू व्हावयाचा म्हणून, संमत झाला. वस्तु व सेवा कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून पुष्कळ वस्तूंवर बदलले. मागील वर्षीं कोणी दर पाठ केले असतील तर ते पुसावे लागले. न बदलणारा भाग म्हणजे द्विनोंदी पद्धति. १४९४ सालीं व्हेनिसमध्यें लुका पाचोली ह्या धर्मगुरूनें आपल्या गणितग्रंथांत ती छापून प्रसिद्ध केली, आणि आजचें अत्यंत नवें यंत्रही आंत तेंच करतें. प्रत्येक व्यवहारास दोन बाजू, एक नांवें, एक जमा. ज्यास ही पक्की आली त्यास यंत्र पंधरा दिवसांत येतें. ज्यास यंत्रच आधीं आलें तो, बेरीज न जुळल्यास, कोठें पाहावें हें न कळून बसून राहतो.

ही पद्धति शिकण्यास ५५,००० लागत नाहींत. बालभारतीचीं अकरावी-बारावीचीं 'पुस्तपालन व लेखाकर्म' हीं पुस्तकें मराठींत आहेत, संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेतां येतात, आणि घरीं एखादा वाणिज्य शाखेचा भाचा असेल तर माळ्यावर सांपडतातही. आमची सूचना अशी: तीन महिने बाईंनीं हीं पुस्तकें समोर ठेवून उदाहरणें सोडवावीं, आणि त्याबरोबरच घराचा, नऊ माणसांच्या एका चुलीचा, जमाखर्च द्विनोंदीनें लिहावा. दूधवाला, वाणी, धाकट्यांची शाळा, थोरल्यांचा घरकर्जाचा हप्ता, सर्व. महिनाअखेर तेरीज जुळली आणि जुळवितांना त्यांस कंटाळा न येतां चेव आला, तर पुढचा खर्च डोळे मिटून करावा. मग तो पदविकेच्या पुस्तकांचा असो वा एखाद्या साध्या, अल्प शुल्काच्या संगणकवर्गाचा. कंटाळा आला तर ९६,९०० रुपये वांचले.

ह्या तीन महिन्यांचा खर्च एकच आहे, आणि पत्रलेखकांच्या चार पानी पत्रांत त्याचें नांवही नाहीं. रोज दोन तास. शुल्क कोण देणार, पाटल्या मोडाव्या कीं न मोडाव्या, बँकेंत ठेव ठेवली तर व्याज किती, सर्व त्यांनीं मांडलें आहे. दुपारीं दोन ते चार ह्या वेळांत दार कोण उघडणार, मुलांस खावयास कोण देणार, तीनचा चहा कोण करणार, हें मांडलेलें नाहीं. नऊ माणसांच्या घरांत दोन तास मोकळे करणें फार अवघड नसावें. घरांत दोन सेवानिवृत्त पुरुष आहेत असें पत्रावरून दिसतें. चहा करण्यास पदविका लागत नाहीं.

पाटल्यांविषयीं मात्र आम्ही घाई न करण्याचाच सल्ला देऊं. मोडतांना घडणावळ बुडते, आणि वरील वाटेनें निदान पहिल्या वर्षीं एवढ्या रकमेचें कारणच पडत नाहीं. पुढें खरोखरीच पैसा लागला आणि मातोश्रींनीं तो दिला, तर पावती सुनेच्या नांवची घ्यावी, आणि ती रक्कम घरच्या वहींत त्यांच्या नांवें जमा करावी. ती तिच्या कमाईंतून फेडावयाची कीं आशीर्वाद म्हणून ठेवावयाची, हें ज्यांच्या पाटल्या त्यांनींच सांगावें; थोरल्या दिरांनीं नव्हे.